आर्थिक नियोजनाच्या धंद्यात नव्यानं येताय? कोल्हापुरातून काही पायऱ्या

जून उजाडला की शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात दोन-तीन पोरं-पोरी येऊन बसतात. कुणाचं बी.कॉम. झालेलं, कुणी बँकेतली कंत्राटी नोकरी सोडून आलेलं. प्रश्न एकच: "मॅडम, परीक्षा तर देतोय, पण पुढं काय करायचं?" १९९६ साली विम्याची एजन्सी घेऊन मी लूनावरून फिरायला लागले तेव्हा मला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. म्हणून दर वेळी तासभर बोलते. आता घसा बसतो, तेव्हा एकदाचं लिहूनच काढते.

पहिली पायरी: दारावर पाटी कसली लावणार?

या धंद्याला तीन दारं आहेत आणि तिन्हींचे कायदे वेगळे आहेत.

विम्याचं दार सगळ्यात रुंद. एखाद्या कंपनीचा एजंट व्हायचं, ठरलेलं प्रशिक्षण घ्यायचं, आयसी-३८ ही परीक्षा द्यायची. इथं मालक इर्डा, म्हणजे विम्यावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था.

दुसरं दार म्युच्युअल फंड वितरकाचं. त्यासाठी एनआयएसएमची (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची प्रशिक्षण संस्था) व्ही-ए ही परीक्षा. १०० गुण, दोन तास, पास व्हायला ५०, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. पास झालात की अ‍ॅम्फीकडं (फंड कंपन्यांची संघटना) नोंदणी करायची, मग एआरएन हा वितरकाचा नोंदणी नंबर मिळतो. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. ते संपायच्या आत नूतनीकरणाचं प्रशिक्षण उरकायचं. आमच्या ओळखीतल्या एकानं ती तारीख विसरून पुन्हा परीक्षा दिली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पोराच्या शेजारी बसून.

तिसरं दार सेबीकडं नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचं. एक्स-ए आणि एक्स-बी अशा दोन परीक्षा, शिक्षणाची अट, कागदपत्रं भरपूर. हा माणूस ग्राहकाकडून फी घेतो आणि त्याच ग्राहकाच्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाही.

वितरकानं स्वतःला 'सल्लागार' म्हणवून घ्यायचं नाही, हे २०२० पासून सेबीनं स्पष्ट केलंय. माझ्या पाटीवर पंधरा वर्षं 'गुंतवणूक सल्लागार' होतं. पेंटरला बोलावून 'म्युच्युअल फंड वितरक' करून घेतलं, तर समोरचा चहावाला विचारतो, "वैनी, तुमचं पद कमी केलं काय?" होय म्हटलं. कमी झालं ते बरंच झालं. लोकांना आपण पैसे कशाचे घेतो ते कळलं पाहिजे.

नवख्यानं दुसऱ्या दारानं आत यावं, जोडीला विमा ठेवावा आणि पाच-सात वर्षांनी जमलं तर तिसऱ्या दाराचा विचार करावा, असं माझं मत. यावर वाद होऊ शकतो.

दुसरी पायरी: आधी स्वतःच्या घरचा हिशेब

हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा आकडे मांडते. २००९ च्या १ ऑगस्टला एंट्री लोड (गुंतवतानाच ग्राहकाच्या पैशातून कापली जाणारी रक्कम) बंद झाला, २०१८ च्या ऑक्टोबरात आगाऊ कमिशनही गेलं. आता म्युच्युअल फंडात मिळतं ते ट्रेल, म्हणजे ग्राहकाचे पैसे जोवर तिथं आहेत तोवर थोडं थोडं. समजा ते वर्षाला पाऊण टक्का धरलं. एक कोटी रुपये सांभाळायला लागलात तर वर्षाचे ७५ हजार, महिन्याला सव्वासहा हजार. त्यातून ऑफिसचं भाडं, पेट्रोल, फोन.

आणि एक कोटी कधी जमणार? चाळीस घरांनी दरमहा पाच हजारांची एसआयपी (ठरलेल्या तारखेला फंडात जाणारा हप्ता) लावली तरी महिन्याचे दोन लाख, वर्षाचे चोवीस लाख. म्हणजे चार वर्षं, आणि तीही चाळीस घरं पहिल्याच दिवशी मिळाली तर.

तेव्हा पहिली तीन वर्षं घर कशावर चालणार ते कागदावर लिहा. बायकोची नोकरी, वडिलांचं दुकान, ट्यूशन, काहीही चालेल. हे न लिहिणारा माणूस दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये कुणाच्या तरी गळ्यात नको ती पॉलिसी मारतो. माणूस वाईट नसतो, हप्ता थकलेला असतो.

त्याच कारणानं पहिले ग्राहक म्हणून मामा-मावशीच्या मागं लागू नका. ते भिडेखातर सही करतात आणि दोन वर्षांनी लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत विचारतात, "काय गं, आमच्या पैशाचं काय झालं?"

तिसरी पायरी: फॉर्म बॅगेतच राहू द्या

पहिल्या भेटीत काही विकायचं नाही. फक्त विचारायचं आणि लिहायचं. हे मी शिकले ते प्रयाग चिखलीतल्या एका घरात.

तीन एकर ऊस, चार म्हशी, दोन मुलं. मी त्यांना दरमहा पाच तारखेची पाच हजारांची एसआयपी लावून दिली होती, अगदी पगारदाराला लावावी तशी. तीन महिने ओळीनं हप्ता बाऊन्स झाला आणि दर वेळी बँकेनं दंड कापला. मी समजावायला गेले, तर मालक म्हणाले, "वैनी, आमचं कुठलं आलंय नियोजन? पैसा आला की गेला."

घरच्या बाई चहा ठेवत होत्या. त्यांनी पिठाच्या डब्यामागून दुधाचं कार्ड काढलं आणि काही न बोलता माझ्यापुढं ठेवलं. दर दहा दिवसांचं बिल, फॅट, लिटर, कापलेले पशुखाद्याचे पैसे, सगळं त्यात होतं. त्या घरात महिना नव्हताच. दहा दिवस होते आणि एक गळीत हंगाम होता.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान घेतलं, मागच्या बाजूला बारा चौकोन आखले. कारखान्याला ऊस गेला की पहिली उचल कधी येते, त्यातून सोसायटीचं पीक कर्ज किती कापून घेतात, उरलेला हप्ता कधी, दिवाळीला दूध संस्थेचा फरक किती, जूनमध्ये शाळेची फी, पावसाआधी खत. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असं कायद्यात आहे, पण घरातली माणसं प्रत्यक्षात कोणत्या महिन्याकडं डोळे लावून बसतात ते त्यांच्या तोंडून ऐकावं. भरून झाल्यावर पानाकडं बघून मालकच म्हणाले, "म्हणजे मे ते ऑगस्ट आपण दुधावर जगतोय की."

मग पाच हजारांची एसआयपी बंद केली. दुधाच्या बिलाच्या तारखेला जुळवून दीड हजारांची लावली, ती बाईंच्या नावावर. उसाची रक्कम आली की ती लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, लगेच काढता येणारा) टाकायची आणि तिथून दरमहा थोडी थोडी इक्विटी, म्हणजे शेअरमधल्या, फंडात वळवायची; याला एसटीपी म्हणतात. तेव्हापासून त्या घरचा हप्ता चुकलेला नाही.

तर पहिल्या भेटीचं काम हेच: बारा चौकोन भरून आणायचे. उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्याचे चौकोन वेगळे निघतील, कारण त्याचं बिल पार्टीकडं नव्वद दिवस अडकतं. गुजरीतल्या कारागिराची लग्नसराई वेगळी, शिरोली एमआयडीसीतल्या सुपरवायझरचा बोनस वेगळा. आणि शक्य तितकं घरी जा, दोघांशी बोला. पुरुष कमाईचा आकडा सांगतात, खर्चाचा आकडा बाईंना ठाऊक असतो.

भिशीबद्दल जरूर विचारा आणि विचारताना नाक मुरडू नका. वीस जणी, दरमहा पाच हजार, तिसऱ्या महिन्यात नंबर लागला तर लाख रुपये बिनव्याजी हातात. कोणत्या फॉर्मवर इतक्या लवकर मिळतात? धोका एवढाच, की नंबर आधी लागलेला माणूस नंतर हप्ते भरेल का, याची हमी फक्त ओळखीची. चौकोनात भिशीही लिहा.

चौथी पायरी: एकोणचाळीसचा आकडा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात कोल्हापूरचं शेंबडं पोरही हे आकडे सांगतं. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या कुंभार गल्लीकडच्या ग्राहकांची घरं पाण्यात गेली. पॉलिसीचे कागद, बँकेची पुस्तकं, सगळ्याचा लगदा. तेव्हापासून आमच्या ऑफिसात प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर एक आकडा असतो, त्याला आम्ही 'एकोणचाळीस' म्हणतो. बँकेतली शिल्लक या रकमेच्या खाली आली की नवी गुंतवणूक थांबवायची, आधी शिल्लक भरून काढायची. नोकरदाराला साधारण सहा महिन्यांचा घरखर्च, शेतकऱ्याला मे ते ऑगस्टचा खर्च आणि नदीकाठचं गाव असेल तर त्यावर घर धुऊन पुन्हा उभं करण्याचे पैसे.

हा पैसा ठेवायचा कुठं? बँकेत. तिथं एक गोष्ट ग्राहकाला सांगायलाच हवी: बँक बुडाली तर एका बँकेत एका ठेवीदाराच्या, व्याजासकट, पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं कवच आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते एकच लाख होतं. पतसंस्थेला हे कवच नाही. आपल्याकडं गल्लीगणिक पतसंस्था, संचालक ओळखीचे, व्याज टक्क्या-दोन टक्क्यांनी जास्त. ठेवू नका असं मी म्हणत नाही, पण एकोणचाळीसचे पैसे तिथं नकोत.

पाचवी पायरी: नॉमिनी, आणि माझी एक चूक

इथं थोडं थांबा, कारण ही चूक मी केलीय.

फौंड्रीतला एक तरुण, लग्नाआधी माझ्याकडून विमा घेतला. नॉमिनी आई. पुढं लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला मी जेवून आले. पण नॉमिनी बदलायचा फॉर्म पुढं केला नाही. उजळाईवाडीजवळ अपघात झाला आणि तो गेला. कंपनीनं पैसे नियमाप्रमाणं आईच्या खात्यात जमा केले. कंपनीची काही चूक नव्हती. सासू-सुनेचं पटत नव्हतं. तान्ह्या पोरीला घेऊन ती माझ्या ऑफिसात खुर्चीवर बसून होती आणि मी तिला फाईल उलटून दाखवत होते, जणू फाईलमध्ये काही सापडणार होतं.

विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये (योगायोगानं तोच आकडा) २०१५ साली दुरुस्ती झाली. आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल, तर पैसे त्याचेच, असा त्याचा रोख आहे. म्युच्युअल फंडात उलट: नॉमिनी हा सांभाळणारा, कायदेशीर वारसांचा हक्क उरतोच. हा फरक पाठ करा. आणि लग्न, बाळंतपण, घटस्फोट, मृत्यू यांपैकी काहीही कानावर आलं की पंधरा दिवसांत त्या घरची फाईल उघडायची, ही सवय लावून घ्या. आमच्याकडं लग्नपत्रिका आली की आहेराच्या पाकिटाला टाचून नॉमिनीचा फॉर्म जातो. लोक हसतात. हसू देत.

कर्ज काढून धंदा करणाऱ्याला टर्म विमा (माणूस गेला तरच पैसे देणारा) देताना १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आठवा. त्याखाली पॉलिसी घेतली तर ती रक्कम बायको-मुलांची राहते, सावकाराला किंवा बँकेला त्यावर हात टाकता येत नाही. फक्त ते पॉलिसी घेतानाच सांगावं लागतं, मागाहून जमत नाही. उद्यमनगरात मला हे माहीत असलेले मालक हाताच्या बोटावर मोजण्याइतके भेटले.

आणि नावं तपासा. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. एकाच गल्लीत चार पाटील, त्यातल्या दोघांचं पहिलं नावही एकच. दाव्याच्या वेळी हा घोळ निस्तरण्यापेक्षा केवायसीच्या वेळी अर्धा तास घालवलेला बरा.

सहावी पायरी: योजना निवडणं

नव्या माणसाला वाटतं खरं काम हेच. खरं तर मागचं सगळं नीट झालं असेल, तर हे सगळ्यात सोपं. पाच वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजाराजवळ न्यायचा नाही. थोडे, जुने, समजणारे फंड. सेवानिवृत्ताला पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना आधी (मर्यादा ३० लाख), मुलीसाठी सुकन्या. यात तुम्हाला कमिशन नाही, तरी सांगायचं.

आकडे दाखवताना एकच दाखवू नका. पाच हजारांची एसआयपी, वीस वर्षं, भरलेले बारा लाख. १२ टक्क्यांनी जवळजवळ ५० लाख होतात, १० नं ३८, ८ नं साडेएकोणतीस. तिन्ही एका ओळीत लिहा, आणि मुलीच्या शिक्षणाचं गणित ८ वर भागतंय का ते बघा. परताव्याची हमी तोंडी सुद्धा द्यायची नाही. "वैनी म्हणाल्या बारा टक्के मिळतील" हे वाक्य गावात फिरलं की परत येताना "वैनींनी गॅरंटी दिलीय" होऊन येतं.

एक उपपायरी. दामदुप्पट देणारा कुणीतरी दर तीन-चार वर्षांनी येतोच: हॉटेलात मीटिंग, स्टेजवर गाडी, महिन्याला पाच टक्के. तुमचा ग्राहक विचारेल, "तुमचे बारा कुठं आणि ह्यांचे साठ कुठं?" भांडू नका. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर त्याच्यासमोर त्या कंपनीचं नाव शोधा, सेबीची नोंदणी शोधा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ पासून एमपीआयडी कायदा आहे, पण त्याखाली पैसे परत मिळेपर्यंत डोक्यावरचे केस पिकतात, हे मी जवळून पाहिलंय. तरीही तो गेला, तर जाऊ द्या. परत आला तर "मी सांगितलं होतं" म्हणू नका. चहा सांगा.

सातवी पायरी: बाजार पडतो त्या दिवशी

२००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली. त्या दिवाळीत मी महाद्वार रोडला खरेदीला गेले आणि समोरून एक निवृत्त मुख्याध्यापक येताना दिसले, तशी बोळात वळले. त्यांचे पैसे मीच गुंतवले होते. त्यांनी मला पाहिलं होतं. नंतर एकदा ते एवढंच म्हणाले, "पैसे कमी झाल्याचं नाही, तुम्ही वळलात त्याचं वाईट वाटलं."

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी पडला, २६ हजारांच्या खाली आला. ऑफिसं बंद, रस्ते सुनसान. मी वही घेतली, निवृत्तांची नावं वर, मग दोन वर्षांच्या आत आलेले ग्राहक, मग बाकीचे, आणि फोन लावत सुटले. चार दिवसांत सगळी घरं झाली. बोलणं ठरलेलं होतं: आधी तब्येत, मग "घरखर्चाचे किती महिन्यांचे पैसे बँकेत आहेत?", फाईलमधला एकोणचाळीसचा आकडा वाचून दाखवायचा, आणि मग त्यांना बोलू द्यायचं. बाजार कधी सुधारेल यावर एक अक्षर नाही. बहुतेकांना तो आकडा ऐकूनच हायसं वाटलं. दोघांनी पैसे काढलेच. त्यांचे फॉर्म मी त्याच दिवशी पाठवले, एकदा समजावलं, दुसऱ्यांदा नाही.

अशी यादी आजच करून ठेवा. बाजार पडल्यावर यादी करायला हात चालत नाही.

आठवी पायरी: तोंड बंद

पेठेत कुणाचं काही लपत नाही. दोन भाऊ माझे ग्राहक, थोरले सहज विचारतात, "धाकट्याचं किती झालं हो?" मी म्हणते, "त्यांनी तुमचं विचारलं तर सांगू का?" विषय संपतो. टेबलावर एका वेळी एकच फाईल. घरी नवऱ्यालाही सांगायचं नाही. माझ्या नवऱ्याला तालमीत माझ्यापेक्षा जास्त बातम्या मिळतात ही गोष्ट वेगळी.

नववी पायरी: एकट्याचं काम चौघांचं होतं तेव्हा

शंभर-दीडशे घरांनंतर एकट्यानं जमत नाही. माणूस घेताना मी मार्कशीट बघत नाही. एक खोटा फोन करायला सांगते: चिडलेला ग्राहक, हप्ता दोनदा कापला गेलाय. जो मध्येच न तोडता ऐकून घेतो आणि शेवटी "उद्या अकरापर्यंत मी स्वतः फोन करते" असं वेळेसकट सांगतो, तो घ्यायचा. फंड शिकवता येतात.

आमच्याकडं सोमवारी सकाळी वीस मिनिटं बसतो. विक्रीचा आकडा निघत नाही. तीनच प्रश्न: कुणाच्या घरी काय घडलं, कुणाला शब्द देऊन पाळला नाही, कुणाशी सहा महिन्यांत बोलणं झालं नाही. मार्चचं टार्गेट मी एक वर्ष लावून बघितलं होतं. त्या वर्षी विकलेल्या पॉलिसींपैकी कितीतरी दुसऱ्या हप्त्याला बंद पडल्या. पुन्हा लावलं नाही. पगार ठरलेला, वर सांभाळलेल्या घरांच्या हिशेबानं हिस्सा.

सगळ्यात अवघड असतं घर दुसऱ्याच्या हाती देणं. मी साठीला टेकले, तेव्हा ते सुरू केलं. सहा वर्षं माझ्याबरोबर असलेल्या गडहिंग्लजच्या पोरीला घेऊन चिखलीतल्या त्या घरी गेले. बाईंनी चहा टाकला, मालकांनी कॅलेंडर काढलं. पोरीनं बारा चौकोन आखायला घेतले तसे ते माझ्याकडं वळले: "वैनी, तुम्हीच सांगा की, किती टाकायचे यंदा?" मला उत्तर माहीत होतं. मी बशीत चहा ओतला आणि फुंकत राहिले. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग पोरगी बाईंकडं बघून म्हणाली, "काकू, दुधाचं कार्ड कुठं ठेवलंय?"

बाई उठल्या आणि पिठाच्या डब्याकडं गेल्या.